लाल रेषेखाली काटा

बारकीच्या बोटीवरचा फ्रिज मी उघडला आणि तसाच धाडकन लावून टाकला. मग नाक कोपरात खुपसून पुन्हा उघडला, कारण त्यासाठीच मला बोलावलं होतं. वरच्या कप्प्यात फाटलेलं दूध. मधल्या कप्प्यात वितळून बशीभर पसरलेलं लोणी. आणि खाली, एका उघड्या डब्यात, कप्तानाची माकुलं, म्हणजे गळाला लावायचं आमिष. त्यांचं जांभळट, चिकट पाणी डब्याबाहेर सांडून तळाशी साचलं होतं. त्या पाण्यात एक पुठ्ठ्याची पेटी भिजत पडली होती. पेटीत बारकीचं इन्सुलिन होतं.

मला किळस फार लवकर येते. लहानपणी घरात माझ्या नाकाला सगळे घाबरायचे. आई बाजारातून काहीही आणलं की आधी माझ्या नाकाखाली धरायची आणि मी तोंड वाकडं केलं की निमूट परत न्यायची. त्या नाकाने मी हे सगळं हुंगलं.

बारकी माझी धाकटी बहीण आणि कप्तान तिचा नवरा. त्याला अख्खा धक्का कप्तान म्हणतो तो चेष्टेने, कारण ह्यांची बोट गेल्या तीन वर्षांत जागची वीतभर हललेली नाही. दोघं त्या बोटीतच राहतात. कप्तान दिवसभर धक्क्यावरच्या डिझेलच्या पंपावर असतो आणि संध्याकाळी बोटीच्या मागच्या टोकाला गळ टाकून बसतो. मी बोटींची वायरिंग करते. सत्तावीस वर्षं करतेय. माझ्याबद्दल धक्क्यावर दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत: माझं काम बिघडत नाही आणि माझं तोंड बंद होत नाही.

“ताई, हा फ्रिज सगळी बॅटरी खाऊन टाकतो हो,” कप्तान माझ्या मागे उभा राहून म्हणाला. त्याच्या अंगालाही माकुलांचाच वास होता.

“आणि तुम्ही ह्यात काय ठेवता ते बघितलंत का? औषधाशेजारी ही घाण?”

“झाकण होतं त्याला. कुठे गेलं कोण जाणे.”

“तुमची लाज गेली तिथेच गेलं असेल.”

कप्तान हसला. त्याला शिव्या घातल्या की तो हसतो आणि ते माझ्या अगदी डोक्यात जातं. मधूनमधून फोन करून तो मला कसलेही प्रश्न विचारत असतो. दिवा पिवळा का दिसतो, पंप कुरकुरतो का, फ्रिज सुरू झाला की काटा एकदम खाली पडतो, हे बरोबर आहे का. शेवटचा प्रश्न त्याने दोनदा विचारला होता. दोन्ही वेळा मी म्हणाले होते, “तिथे चिठ्ठी लावली आहे, ती वाचा,” आणि फोन ठेवला होता.

बारकी बाकावर पाय लांब करून बसली होती. डाव्या पायाला पट्टी होती. दोन महिन्यांपूर्वी धक्क्यावरच्या लोखंडी कडीला ठेच लागली, करंगळी फुटली, आणि ती जखम काही भरेना. इन्सुलिन सुरू होऊन आठ महिने झाले तरी साखर उतरत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन वाढवलं, मग पुन्हा वाढवलं, तरी साखर जिथल्या तिथे. आता त्यांनी शुक्रवारची मुदत दिली होती. शुक्रवारपर्यंत साखर खाली आली नाही तर करंगळी काढायची. तो दिवस मंगळवार होता.

“तू चोरून गोड खातेस,” असं डॉक्टरीणबाई तिला तोंडावर म्हणाल्या होत्या. मीही म्हणाले होते, आणि नुसतं म्हणून थांबले नव्हते. महिन्याभरापूर्वी बारकी दवाखान्यात गेलेली असताना मी ह्या बोटीतले सगळे खण उपसले होते. तिच्या कपड्यांच्या घड्यांतही हात घातला होता. सापडले काय, तर कांदे. ती परत आली तेव्हा घड्या मोडलेल्या तिने पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि घड्या पुन्हा घालायला बसली. मी मात्र म्हणाले, “लपवायला तू पहिल्यापासून हुशार.”

आता त्या फाटलेल्या दुधाकडे बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. जिथे दूध टिकत नाही तिथे औषध कसं टिकणार? बाहेर असा उकाडा की केबिनमध्ये मेणबत्ती वाकेल. बारकी रोज दोन वेळा सुई टोचून घेत होती आणि त्या बाटलीतल्या औषधात गुण उरलेलाच नव्हता.

“दूध कधीपासून फाटतंय?” मी विचारलं.

“ते पहिल्यापासूनच फाटतं. म्हणून आम्ही पावडरीचं घेतो. हे काल यांनी आणलं, टिकतंय का बघू म्हणून.”

“आणि हे तू मला आत्ता सांगतेस?”

“तू गोडाचं विचारत होतीस, ताई. दुधाचं कुठे विचारलंस?”

मी कप्तानाला तेव्हाच्या तेव्हा नव्या बाटल्या आणायला पिटाळलं. फ्रिज धड होईपर्यंत त्या माझ्या घरी राहतील आणि रोजचं औषध मी आणून देईन, असं ठरवलं. मग बाह्या वर केल्या.

फ्रिजच्या पाठीवरच्या पाटीवर लिहिलं होतं: बारा व्होल्ट, पाच अँपिअर. कप्तानाने तिथेच भिंतीवर पेन्सिलीने गणित मांडून ठेवलं होतं. पाच गुणिले चोवीस तास, एकशेवीस अँपिअर-तास. बोटीवर शंभर-शंभरच्या दोन बॅटऱ्या, त्यांतली निम्मीच वीज वापरायची, नाहीतर बॅटरी लवकर मरते. म्हणजे हाताशी शंभर आणि फ्रिजला हवेत एकशेवीस. गणित बरोबर, समज चुकीची. फ्रिज काही चोवीस तास चालत नाही. आत थंड झालं की त्याचा कॉम्प्रेसर थांबतो, ऊब आली की पुन्हा सुरू होतो. धड अवस्थेतला फ्रिज तासातली वीसेक मिनिटं चालतो. म्हणजे दिवसाचे चाळीस, फार तर पन्नास. तेवढं तर छपरावरची सोलरची पाटी उन्हात आरामात भरून काढते.

पण हा फ्रिज धड नसणार, हे मला दिसतच होतं. दाराचं रबर काळ्या बुरशीने माखलं होतं आणि बोट फिरवलं तर बुरशी बोटाला आली. मागचं फडताळ उघडलं. तिथे कॉम्प्रेसरला हवा लागते, आणि कप्तानाने तिथे काय कोंबलं होतं? दोन जोड बूट, ओले मोजे, जाळ्याचे तुकडे आणि कधीकाळी मासा असलेलं काहीतरी कागदात गुंडाळलेलं. कॉम्प्रेसर त्या ढिगात गुदमरत होता. अशाने तो थांबेलच कशाला? दिवसभर ऊर बडवत चालत असणार आणि बॅटरी चाटून पुसून संपवत असणार. मी एकेक वस्तू चिमटीत धरून बाहेर फेकली आणि प्रत्येक वस्तूगणिक कप्तानाचा उद्धार केला. तो तिथे नव्हता, तरी केला. बारकी ऐकत होती.

“एवढं नको ना बोलू,” ती म्हणाली.

“तुझी करंगळी जायची वेळ आली ह्या माणसाच्या घाणीपायी.”

मी रबर साबणाने घासलं, फ्रिज पुसून कोरडा केला, नवं दूध ठेवलं आणि फ्रिजच्या वायरीवर माझा मीटर लावला. हा मीटर चोवीस तास बसून नोंद ठेवतो: फ्रिज कधी सुरू झाला, किती वेळ चालला, किती वीज प्याला. अंदाज करत बसण्यापेक्षा मोजलेलं बरं, हे मी नव्या पोरींना शिकवताना शंभरदा सांगते. “फ्रिजला नेहमीसारखं वागव,” असं बारकीला बजावून मी घरी गेले आणि अर्धा तास हात धुतले.

बुधवारी दुपारी मी नोंद वाचायला आले. मला वाटलं होतं आकडा ऐंशीच्या पुढे असेल. आकडा होता तीन.

मी मीटर झटकला. पुन्हा पाहिलं. तीनच. चोवीस तासांत फ्रिज एकूण अडतीस मिनिटं चालला होता. एकोणीस वेळा सुरू झाला, आणि दर वेळी दोनेक मिनिटांत बंद. बॅटरी खातो म्हणून ज्याच्या नावाने आम्ही सगळे खडे फोडत होतो, तो फ्रिज तीन वर्षं उपाशी होता.

कॉम्प्रेसर स्वतःहून असा थांबत नाही. कुणीतरी बटण बंद करत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कप्तान!” मी ओरडले. तो जेवून पुन्हा पंपावर निघाला होता, दारात थबकला. “फ्रिज कोण बंद करतं?”

“मी नाही, ताई. मी तर दिवसभर…”

“मग काय भूत करतं?”

“मी करते,” बारकी म्हणाली.

ती लंगडत आली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर व्होल्ट दाखवणारा काटा होता, गोल तबकडीतला, मीच तीन वर्षांपूर्वी बसवलेला. त्याच्या काचेवर बारा पूर्णांक दोनच्या जागी लाल रेषा होती. ती बारकीच्याच नेलपॉलिशने मी ओढली होती. खाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी, तेलकट, कडा काळ्या झालेली: ‘काटा लाल रेषेखाली गेला की फ्रिज बंद. हयगय नको.’

“फ्रिज सुरू झाला की काटा खाली जातो,” बारकी म्हणाली. “मग मी बंद करते. थोड्या वेळाने काटा वर आला की पुन्हा लावते. तो सुरू होतो, काटा पुन्हा खाली, मी पुन्हा बंद करते. मला वाटलं बॅटरीतच दम नाही. झोपताना तर बंदच ठेवते, कोण बघत बसणार? तू लिहिलंयस ना हयगय नको म्हणून.”

तिने तीन वर्षांत एकदाही हयगय केली नव्हती.

चिठ्ठीत तसं चुकीचं काही नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. बॅटरी खरोखर उतरली तर फ्रिज बंद करायलाच हवा. प्रश्न होता काटा का पडतो हा. मी फळ्या उचलून बॅटरीपाशी गेले, मीटर लावला आणि बारकीला फ्रिज सुरू करायला सांगितलं. बॅटरी बारा पूर्णांक सात. फ्रिज चालू असतानाही जेमतेम दशांशभर हलली. ठणठणीत बॅटरी. “काटा बघ,” मी ओरडले. “अकरा सात,” बारकी ओरडली.

बॅटरीपासून ओट्यापर्यंत येता येता जवळजवळ अख्खा एक व्होल्ट गायब होत होता. म्हणजे वायर बारीक. बारीक वायरीतून मोठा प्रवाह ओढला की पलीकडच्या टोकाला व्होल्टेज पडतं. आणि काटा स्वतंत्र वायरीवर न जोडता त्या फ्रिजच्याच वायरीच्या शेवटाला चिकटवला होता. त्यामुळे तो बॅटरी किती भरली आहे ते सांगतच नव्हता. फ्रिज बंद असेल तेव्हा खरं, फ्रिज सुरू झाला की धादांत खोटं.

मी छताची पट्टी काढली आणि वायर शोधली. बॅटरीकडून जाड वायर येत होती, ती दोन हातांवर संपली आणि तिला पुढे दीड एमएमची, दिव्याला वापरतात तसली वायर जोडली होती. मला शिसारी आली. माशांच्या पाण्याची आली त्याहून जास्त आली. आमच्या धंद्यात ह्याच्याइतकं घाणेरडं काम नाही.

“कुठल्या कसायाने केलंय हे!” मी छताखालून ओरडले. “ह्याचे हात तोडले पाहिजेत! फ्रिजला दिव्याची वायर! कुणाच्या जिवाशी खेळतोय ह्याचा विचार तरी करावा माणसाने!”

“काय झालं, ताई?” खालून कप्तानाने विचारलं.

मी जोडावरची काळी टेप सोडवायला नख लावलं. नख लावावं लागलंच नाही. टेपचं टोक दुमडलेलं होतं, उलट आत, छोट्या त्रिकोणात, म्हणजे पुढे कधी जोड उघडायचा असेल तर चिमटीत धरून ओढता यावं. असं टोक ह्या धक्क्यावर दुसरं कुणी दुमडत नाही. मला माझ्या उस्तादाने शिकवलं होतं, आणि त्याचा दुसरा शागीर्द नव्हता.

मग सगळं आठवलं. तीन वर्षांपूर्वी जाड वायरीचं बंडल दोन हातांवर संपलं होतं. माझ्या पेटीत दिव्याच्या वायरीचा उरलेला तुकडा होता, तो मी जोडला, नंतर बदलू म्हणून. आणि काट्यासाठी बॅटरीपासून वेगळी वायर ओढायची तर बोटीच्या तळातून ओढावी लागणार होती. मी फळी उचलली होती. खाली साचलेलं पाणी, डिझेल, मेलेली झुरळं, कुजट वास. मला त्यात हात घालवेना. मी फळी परत ठेवली आणि काटा फ्रिजच्याच वायरीला लावून टाकला. वर एक ठसठशीत चिठ्ठी लिहिली. पुढे कप्तानाने दोनदा फोन करून नेमकं तेच विचारलं, आणि मी त्याला चिठ्ठी वाचायला सांगितलं.

“ताई? काय झालं?”

दोघं खाली उभे होते, माना वर करून. मी जिभेवर ताबा नसलेली बाई. माझ्या तोंडातून निघालं ते हे:

“तुम्ही गेल्या वर्षी मागे मासेमारीचा दिवा लावलात ना? त्याची जोडणी कुठे केलीत?”

“इथेच कुठेतरी… ह्याच वायरीवर बहुतेक.”

“झालं तर मग. त्यानेच वाट लागली.”

कप्तान माझ्याकडे बघत राहिला. हसला नाही. मग मान खाली घालून म्हणाला, “असेल, ताई. मला त्यातलं काही कळत नाही. चुकलं माझं.”

बारकी त्याच्याकडे वळली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी त्यांच्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. ती त्याला एक शब्द बोलली नाही. लंगडत आत गेली आणि दार लावून घेतलं. आणि मी? मी छतात तोंड घालून काम करत राहिले. टेप खिशात टाकली. जाड वायर ओढली. काट्यासाठी बॅटरीपासून वेगळी वायर नेली, त्याच तळातून, त्याच पाण्यात कोपरापर्यंत हात घालून. झुरळं हाताला लागत होती. मला ओकारी येत होती आणि ती झुरळांची नव्हती.

शुक्रवारपर्यंत नव्या औषधाने साखर बरीच उतरली. डॉक्टरीणबाईंना आश्चर्य वाटलं. पण जखम आत गेली होती. आठ महिने पाणीच टोचल्यासारखं झालं होतं, तीन दिवसांत काय भरून निघणार? करंगळी काढली.

वायर बदलल्यानंतर अकराव्या दिवशी मी बोटीवर गेले. बारकी ओट्याशी स्टुलावर बसली होती, पाय उशीवर. फ्रिज मंद घुमत होता आणि काटा लाल रेषेच्या वर, ताठ उभा. आत दूध होतं, धड. औषधाची पेटी कोरडी, वरच्या कप्प्यात. माकुलांचा मागमूस नव्हता.

“मला नीट समजावून सांग,” बारकी म्हणाली. “आता चिठ्ठी नको. मला सगळं कळलं पाहिजे. पुन्हा मी कुणाच्या भरवशावर राहणार नाही.”

मी तिला शिकवायला बसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, एवढं तरी आपण करू. मी सांगितलं की बॅटरी म्हणजे छपरावरची टाकी समज, वायर म्हणजे नळी. नळी बारीक असेल तर टाकी भरलेली असूनही शेवटच्या तोटीला धार पातळच येणार. फ्रिज किती ओढतो आणि किती वेळ ओढतो, हे दोन्ही धरल्याशिवाय त्याची भूक कळत नाही, हेही सांगितलं. तिने मीटर स्वतः लावून पाहिला. बॅटरीपाशी, मग काट्यापाशी. दोन्हीकडे आता जवळपास सारखाच आकडा होता.

“म्हणजे तेव्हा टाकी भरलेली होती?” तिने विचारलं.

“हो.”

“मी जेव्हा जेव्हा बंद केला, तेव्हा?”

“जवळजवळ दर वेळी.”

ती बोटांवर काहीतरी मोजत होती. बारकीला लहानपणी गणित यायचं नाही असं घरात सगळे म्हणायचे. मीच जास्त म्हणायचे.

“दिवा यांनी गेल्या वर्षी लावला,” ती म्हणाली. “आणि तो संध्याकाळीच लागतो. काटा तर सकाळीही पडायचा. आणि मी पहिल्या दिवसापासून फ्रिज बंद करतेय, ताई. तू चिठ्ठी लावून गेलीस त्याच दिवसापासून. दूध पहिल्या आठवड्यात फाटलं.” तिने मीटर खाली ठेवला. “मग ती बारीक नळी तिथे कुणी घातली?”

मी खिशात हात घातला. तो टेपचा तुकडा मी फेकला नव्हता, का ते मलाही माहीत नाही. मी तो ओट्यावर ठेवला, दुमडलेलं टोक वर करून. बारकी माझ्याबरोबर वाढली आहे. धंदा शिकत होते तेव्हा मी तिच्या शाळेच्या वह्यांना कव्हर घालायचे, तेव्हाही चिकटपट्टीचं टोक असंच दुमडायचे.

“मी,” मी म्हणाले. “काटाही मीच चुकीचा लावला. तळातल्या पाण्यात हात घालायची मला किळस आली म्हणून.”

ती ओरडेल असं वाटलं. मला ते हवं होतं. तिने तुकडा उचलला, बघितला, खाली ठेवला.

“यांच्याशी मी अकरा दिवस बोलले नाहीये,” ती म्हणाली.

मी उठले आणि मागच्या टोकाला गेले. कप्तान गळ टाकून बसला होता. मला पाहताच त्याने माकुलांची बादली लांब सरकवायला हात घातला. “थांबा ताई, तुम्हाला वास येईल, बाजूला करतो.”

“राहू द्या,” मी म्हणाले आणि बादलीशेजारीच फळीवर बसले. “कप्तान, ती वायर मी ओढली होती. तुमच्या दिव्याचा काही संबंध नव्हता. तुम्ही फोनवर विचारत होतात ते बरोबर होतं.”

त्याने गळाचा दोरा जरा गुंडाळला. मग म्हणाला, “मला माहीत होतं, ताई. तुम्ही ती वायर ओढत होतात तेव्हा टॉर्च मीच धरला होता ना.”

“मग बोलला का नाहीत?”

“माझ्याशी अबोला धरला तरी ती मला जेवायला वाढते,” कप्तान म्हणाला. “तुमच्याशी धरला असता तर तुम्ही पुन्हा बोटीवर आलाच नसता. मग तिचा फ्रिज कुणी बघितला असता?”

बादलीतलं पाणी फळीवरून माझ्या चपलेपर्यंत आलं होतं. मला तो वास सोसत नव्हता आणि तिथून उठवतही नव्हतं.